हॅन्डीकॅमच्या कॅसेटी, दोन दुकानं आणि म्हशीवर जाऊन थांबलेला टाइमकोड

पप्पांनी सोनीच्या हॅन्डीकॅमवर काढलेल्या अकरा मिनी डीव्ही कॅसेटी (छोट्या डिजिटल टेपा) कपाटात पडून होत्या, त्यात ताईचं लग्न, २००५ चा महापूर, जोतिबाची यात्रा असं सगळं. लग्नाला वीस वर्षं झाली म्हटल्यावर एक व्हिडिओ एडिट करून द्यावा म्हटलं.

आधी घराजवळच एका दुकानात टाकल्या, नाव लिहीत नाही, माणूस ओळखीचा आहे. कॅसेटीला दीडशे, दोन दिवसात पेन ड्राइव्ह हातात, मी खुश. घरी लावलं तर चित्र पिचपिचीत आणि प्रत्येक फाइल शून्यापासून सुरू. लाल-पांढरी-पिवळी पिन यूएसबी डोंगलला लावून घेतलेलं आणि वरनं एमपी४ केलेलं, म्हणजे टेपवर फ्रेम-फ्रेमला (एकेका चित्राला) लिहिलेला टाइमकोड, म्हणजे तास:मिनिट:सेकंद:फ्रेम असा आकडा, आणि शूटिंगची तारीख-वेळ दोन्ही गायब. विचारलं तर म्हणतो, "तारीख कशाला पायजे ओ, पिच्चर दिसतंय न्हवं?"

मग कोल्हापुरात शाहूपुरीत एक काका सापडले, पूर्वी लग्नाचं शूटिंग करायचे, त्यांच्याकडं अजून फायरवायर कार्डवाला (कॅमेऱ्यातला डिजिटल डेटा थेट घेणारा) जुना पीसी आहे. कॅसेटीला साडेतीनशे. तासाच्या कॅसेटला तासच लागतो आणि १३ जीबी जागा जाते, हार्ड डिस्क आपली न्यायची. पण जे टेपवर आहे तेच जसंच्या तसं उतरतं.

खरी गंमत चार नंबरच्या कॅसेटवर. मी हॅन्डीकॅमच्या स्क्रीनवर बघून वहीत टाइमकोड लिहून नेलेले, काकांनी तो आकडा टाकून कॅप्चर (टेपवरनं पीसीत उतरवणं) लावलं तर मंगलाष्टका यायच्या जागी दिवाळी पाडव्याला सजवलेली म्हैस! घरगुती कॅमेऱ्यात टाइमकोड आपल्याला सेट करता येत नाही, तो टेपवरचा मागचा कोड वाचून पुढं मोजतो आणि मध्ये कोरी पट्टी आली की गपकन शून्यावर. पप्पांची सवय अशी की शूटिंग झालं की टीव्हीला लावून सगळ्यांना दाखवायचं, टेप तशीच पुढं पळत राहायची आणि पुढचं शूटिंग कोऱ्या जागेवरनं. त्यामुळं एकाच कॅसेटवर ००:०४:१२:१० तीन वेळा, मंगलाष्टका, पंचगंगेचं पाणी आणि म्हैस.

काकांनी मग विनडीव्ही नावाच्या सॉफ्टवेअरनं अख्खी कॅसेट ओढली, ते तारीख-वेळ जिथं उडी मारते तिथं फाइल तोडतं आणि नावातच तारीख टाकतं. टाइमकोड तीनदा येऊ दे, तारीख थोडीच परत येणार! एडिटिंगला रील नेम (कुठल्या टेपचा तुकडा ते सांगणारं नाव) ४अ, ४ब, ४क दिले, विषय संपला. दोन कॅसेटींवर तारीखच कोरी निघाली, कॅमेऱ्यातली घड्याळाची बॅटरी उतरलेली, तिथं ताईला बसवून साड्यांवरनं ओळखलं.

यूट्यूबवर ड्रॉप फ्रेमचं (टाइमकोड मोजताना मधले काही आकडे गाळायचे) ऐकून मी उगाच घाबरलेलो. ते सेकंदाला २९.९७ फ्रेम वाल्यांचं दुखणं, आपली टीव्हीची पद्धत पाल, ती सरळ २५ फ्रेमची, तासाला बरोब्बर ९०,००० फ्रेम.

तक्रार एवढीच की काका फोन उचलत नाहीत आणि दुपारी एक ते पाच शटर खाली. शिवाय त्यांनी दिलेली एव्हीआय फाइल माझ्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये परत शून्यापासनंच मोजायला लागली, कोड आत असतो पण सॉफ्टवेअर तो वाचत नाही, हे आधी सांगायला पायजे होतं. परत गेल्यावर मात्र पैसे न घेता एमओव्ही फाइल करून दिली, क्वालिटीला हात न लावता, नुसतं फाइलचं खोकं बदललं. आता लग्नाच्या फाइली बरोबर कोडवर उघडतात.

बुरशी लागलेल्या दोन कॅसेटी त्यांनी न चालवताच परत दिल्या, हेड (टेप वाचणारा भाग) खराब होतो म्हणाले. पहिल्या दुकानवाल्यानं त्याच बिनधास्त चालवलेल्या! कोल्हापुरात असल्या कॅसेटी कोण साफ करून देत असेल तर सांगा रे.