'भूक हार्मोन' तपासणी : घरपोच सेवा चोख, आकडा मात्र कच्चा

मुंबईत घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबच्या वजन-पॅकेजमधल्या घ्रेलिन या भूक हार्मोनच्या चाचणीबद्दल हा अभिप्राय. दिलेल्या वेळेला माणूस दारात हजर, हात हलका, रिपोर्ट मोबाइलवर. सेवेला पूर्ण गुण.

अडचण नळीत आहे. घ्रेलिन मुख्यतः जठराच्या वरच्या भागातल्या, म्हणजे फंडसच्या अस्तरातल्या पेशी तयार करतात. 28 अमिनो आम्लांची ही साखळी. तिसऱ्या जागेवरच्या सेरीनला आठ कार्बनचं मेदाम्ल जोडलेलं असेल तरच ती मेंदूला भुकेचा निरोप देते. हे मेदाम्ल रक्तात झपाट्याने गळून पडतं. म्हणून रक्त गोठू न देणाऱ्या, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत लगेच ही गळती रोखणारा इनहिबिटर घालावा लागतो, नळी बर्फात ठेवून थंड सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात) प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, वेगळा करायचा, त्यात दर मिलिलिटरला साधारण 100 मायक्रोलिटर एक नॉर्मल (1N) तीव्रतेचं हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळायचं आणि उणे 80 अंशांवर गोठवायचं. इथे साधी ईडीटीए नळी, आइसपॅकची पिशवी आणि दहिसर ते अंधेरी दुचाकी! सकाळच्या हायवेवर तास सहज जातो. तोवर सक्रिय, म्हणजे मेदाम्ल जोडलेलं, घ्रेलिन बरंच उतरलेलं असतं आणि रिपोर्टमध्ये आकडा खोटाच कमी दिसतो.

शिवाय नमुना एकच घेतात. घ्रेलिन जेवणाआधी चढतं, जेवल्यावर उतरतं. किती उतरलं हे कळायला उपाशीपोटी एक आणि नाश्त्यानंतर तासाभराने एक, असे निदान दोन नमुने हवेत. नाश्ताही ठरलेलाच हवा, कारण प्रथिनं आणि कर्बोदकं त्याला जितकं दाबतात तितकं तेल-तूप दाबत नाही.

सर्वांत जास्त खटकतो तो फोनवरचा सल्ला : 'घ्रेलिन जास्त, म्हणून वजन जास्त.' लठ्ठ माणसांत उपाशीपोटीचं घ्रेलिन बहुधा कमीच असतं आणि डाएटने वजन उतरलं की ते वाढतं. प्राडर-विली सिंड्रोम या अतिभुकेच्या जनुकीय विकारात ते खरोखर जास्त सापडतं. वजन घटवण्याच्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा फंडसच काढून टाकतात, त्यामुळे तिथे ते घसरतं.

तरीही चाचणी करायचीच असेल तर बुकिंगच्या फोनवरच विचारा : एकूण घ्रेलिन मोजता की सक्रिय? नळीत इनहिबिटर असतो का? प्लाझ्मा किती मिनिटांत वेगळा होतो? उत्तर देताना समोरचा अडखळला तर हे पैसे टीएसएच (थायरॉइड), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइलवर (कोलेस्टेरॉल) घाला. त्यावरून डॉक्टरांना उपचार तरी ठरवता येतील.