यांकी डूडल इन बर्लिन (1919): कैसर पाघळला रे पाघळला

मूकपटातली कॉमेडी म्हटलं की आपली गाडी चार्लीपाशीच अडकते, त्यामुळे मॅक सेनेटच्या कंपनीचा हा पाच रिळांचा धिंगाणा बऱ्याच जणांनी बघितलेला नसतो. स्टोरी म्हणाल तर अमेरिकन वैमानिक कॅप्टन बॉब व्हाइट जर्मनांच्या हद्दीत घुसतो, बाईचा वेष घेतो आणि थेट कैसरलाच, म्हणजे जर्मन सम्राटालाच, गटवून महत्त्वाचा नकाशा लांबवायच्या मागे लागतो. बस, लॉजिक वगैरे शोधत बसू नका.

पिक्चर बघायचा तो बॉथवेल ब्राउनसाठी. हा गडी व्हॉडव्हिलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या नाच-गाणी-विनोदाच्या खेळांच्या, स्टेजवर स्त्री पार्ट करूनच नावारूपाला आलेला. आपल्याकडे हल्ली बाप्याने साडी नेसली की घोगरा आवाज, पदर सांभाळताना धडपड आणि मागे तो ठरलेला ट्यांव ट्यांव म्युझिकचा मारा, इथे तसलं काहीच नाही, तो बाई अगदी सीरियसली करतो. दरबारात कैसरसमोर नाचतो ना, तेव्हा हसायचं त्याला नाहीच, हसायचं ते समोर लाळ गाळत बसलेल्या कैसरला, युवराजाला आणि जर्मन सेनापती हिंडेनबर्गला. स्त्री पार्टचं कौतुक आपल्याला कोण शिकवणार म्हणा, अण्णा साळुंकेंनी 1913 ला फाळकेंच्या राजा हरिश्चंद्रात तारामती केली आणि 1917 च्या लंकादहनात तर राम पण तेच आणि सीता पण तेच!

कैसर झालाय फोर्ड स्टर्लिंग, सेनेटच्याच कीस्टोन कॉमेड्यांमधल्या गोंधळ्या पोलिसांचा जुना चीफ. वर वळवलेल्या मिशा आणि वेडीवाकडी तोंडं, थोडा ओव्हर होतो पण चालतंय की.

आता खटकलेलं. पहिलं महायुद्ध नोव्हेंबर 1918 ला संपलं आणि पिक्चर आला मार्च 1919 मध्ये, म्हणजे हरलेल्या माणसाला परत परत लाथा, शेवटी शेवटी कंटाळा येतो. सेनेटच्या बेदिंग ब्यूटीज, म्हणजे पोहण्याच्या पोशाखातल्या पोरी, तर होत्याच, त्या काळी पिक्चरसोबत या पोरी थिएटरात प्रत्यक्ष स्टेजवर पण यायच्या, तिकीट कशावर खपत होतं ते समजून घ्या.

यूट्यूबवर फुकट आहे, प्रिंट धुरकट आहे, मागे चिकटवलेलं म्युझिक डोक्यात गेलं तर सरळ म्यूट करा. माझे साडेतीन स्टार, त्यातला अर्धा यातल्याच एका विनोदी नटाच्या, बेन टर्पिनच्या, चकण्या डोळ्यांना.