मोफत मार्गदर्शनाच्या नावाखाली माजी सैनिकांची लूट

अमेरिकेत ज्यांच्या घरात सैन्यात राहून आलेलं कुणी वयस्कर माणूस आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. व्हीएचे (माजी सैनिकांसाठीच्या सरकारी खात्याचे) पैसे मिळवून देतो असं सांगून कुणी त्यांची शिल्लक ट्रस्टमध्ये आणि अ‍ॅन्युइटीत (पैसे अडकवून ठेवून हप्त्याने परत देणाऱ्या विमा योजनेत) टाकायला लावत असेल, तर सही होऊ देऊ नका. माझ्या मामांच्या बाबतीत हे झालं आणि त्याचे परिणाम आम्ही अजून निस्तरतोय.

मामा साठच्या दशकाच्या शेवटी इकडे आले. ग्रीन कार्ड हातात पडलं आणि पाठोपाठ सैन्यभरतीचं बोलावणं आलं. त्या काळी कायम रहिवाशांनाही ड्राफ्ट लागू होता, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९७० साली ते व्हिएतनाममध्ये, सायगॉनजवळच्या लाँग बिन्हच्या तळावर होते. परत आल्यावर नोकरी केली, ओहायोत घर घेतलं. मूलबाळ नाही. मामी गेल्यानंतर घर विकून ते असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे रोजच्या कामांना मदत मिळते अशा वृद्धांच्या निवासात, राहायला गेले. डायबिटीस जुनाच होता, नंतर पार्किन्सन्सने गाठलं. शर्टाची बटणं लावायलाही कुणीतरी लागायचं.

तिथल्याच जेवणाच्या हॉलमध्ये एका दुपारी ‘माजी सैनिकांसाठी मोफत मार्गदर्शन’ ठेवलं होतं. बोलायला आलेल्या गृहस्थाच्या कोटावर झेंड्याची पिन होती. तो स्वतः कधीच सैन्यात नव्हता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. अशा ठिकाणी या लोकांना आत येऊ देतात याचा मला आजही संताप येतो. पण रहिवाशाला पेन्शन मिळाली तर महिन्याचं बिल वेळेवर भरलं जातं, त्यामुळे व्यवस्थापनही फारशी चौकशी करत नाही.

सुरुवातीला तो जे बोलला ते सगळं खरं होतं. मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, दीर्घकाळाच्या सांभाळाचा खर्च उचलत नाही. युद्धकाळात सेवा केलेल्या आणि आता अंघोळीला, कपडे घालायला मदत लागणाऱ्या माजी सैनिकाला व्हीएकडून ‘एड अँड अटेंडन्स’ची वाढीव पेन्शन मिळू शकते. एकट्या माणसासाठी २०२५ चा कमाल दर वर्षाला २८,३०० डॉलर होता. हे सगळं व्हीएच्या वेबसाइटवरही सापडतं. म्हणूनच पुढचं सहज गळी उतरलं.

या पेन्शनला संपत्तीची मर्यादा आहे. डिसेंबर २०२४ पासूनच्या वर्षासाठी ती १,५९,२४० डॉलर होती. घर विकल्यामुळे मामांकडे सुमारे २,४०,००० डॉलर होते. त्या गृहस्थाने सांगितलं की पैसे असे तुमच्या नावावर राहिले तर काहीच मिळणार नाही. ते एका ट्रस्टमध्ये टाका, ट्रस्टने अ‍ॅन्युइटी घ्यायची, मग तुम्ही कागदोपत्री गरजू ठरता. ट्रस्ट मोडता न येणारा होता आणि ट्रस्टी म्हणून माझ्या भावाचं नाव घातलं. अ‍ॅन्युइटी दहा वर्षांची, आधी काढली तर पहिल्या वर्षी दहा टक्के कापून घेणारी. पार्किन्सन्स झालेल्या, ऐंशीला टेकलेल्या माणसाला दहा वर्षांची! ती विकण्याचं कमिशन त्याच गृहस्थाला मिळालं. शिवाय साडेचार हजार डॉलर ‘सल्ला शुल्क’ म्हणून घेतलं.

त्या शब्दामागची चलाखी अशी. व्हीएचा पहिला अर्ज तयार करून दाखल करण्यासाठी कुणालाही पैसे घेता येत नाहीत. मान्यताप्राप्त वकील किंवा एजंटसुद्धा व्हीएचा पहिला निर्णय आल्यानंतरच्या कामासाठीच फी लावू शकतात. म्हणून करारात अर्जाचा उल्लेखच नव्हता. अर्ज मामांनीच भरला असं दाखवलं होतं आणि खाली मामांची थरथरती सही होती. कायदा मोडणाऱ्याला फौजदारी शिक्षा व्हायची ती तरतूद २००६ मध्ये निघून गेली. हे लोक निर्धास्त असतात ते त्यामुळेच.

आणि ट्रस्टची ती युक्ती कधीच बाद झालेली आहे. २०१२ साली अमेरिकी संसदेच्या गाओ या तपास संस्थेला असाच सल्ला विकणाऱ्या दोनशेहून अधिक संस्था सापडल्या होत्या. पुढे व्हीएने नियम बदलला. १८ ऑक्टोबर २०१८ पासून अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांत संपत्ती अशी फिरवलेली दिसली तर ती मोजली जाते आणि पेन्शन ठरावीक काळ रोखली जाते. हा काळ पाच वर्षांपर्यंत असू शकतो. मामांना पत्र आलं तेव्हा पेन्शन रोखण्याचा त्यांचा काळ दोन वर्षांहून जास्त निघाला. पत्राच्या तारखेपासून साठ दिवसांत पैसे परत मूळ माणसाच्या नावावर आणले तर हा दंड रद्द होऊ शकतो. माझ्या भावाने तेच करायचा प्रयत्न केला. ट्रस्टचा कागद असा बांधलेला की पैसे मामांना परत देताच येत नाहीत.

त्यातच मामा पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि असिस्टेड लिव्हिंगवरून थेट नर्सिंग होममध्ये (चोवीस तास शुश्रूषा मिळते अशा निवासात) जावं लागलं. मेडिकेडकडे, म्हणजे गरजूंचा असा खर्च उचलणाऱ्या सरकारी योजनेकडे, गेलो तर तिथे मागच्या पाच वर्षांचे व्यवहार बघतात आणि ट्रस्टमध्ये गेलेले पैसे तिथेही आडवे आले. स्वतःची एवढी पुंजी असलेल्या माणसाचं बिल भाऊ आणि मी भरत होतो आणि मामा रोज विचारत होते, “माझे पैसे कुठे आहेत गं?” त्यांना हिशेब पाठ असायचे. आपल्याच पैशांना हात लावता येत नाही हे त्यांना समजावून सांगताना जीव तुटायचा.

शेवटी काउंटीच्या व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसात गेलो. ओहायोत प्रत्येक काउंटीत असं ऑफिस आहे आणि तिथे एक पैसाही घेत नाहीत. तिथल्या बाईंनी, त्या स्वतः आर्मीतून निवृत्त झालेल्या, आमची फाइल उघडली आणि त्या गृहस्थाने पहिल्या भेटीत भरलेल्या माहितीच्या पानावर बोट ठेवलं. एका ओळीत लिहिलं होतं ‘व्हिएतनाम, १९७०’. त्याच्याच खालच्या ओळीत ‘डायबिटीस टाइप २, पार्किन्सन्स’. त्या म्हणाल्या, “हे त्यानेच लिहिलंय ना? मग यांच्यासाठी कॉम्पेन्सेशनचा अर्ज का नाही केला?”

मला मुख्य सांगायचंय ते हेच. व्हीएची पेन्शन वेगळी आणि डिसॅबिलिटी कॉम्पेन्सेशन वेगळं. पेन्शनला संपत्तीची मर्यादा आहे, कॉम्पेन्सेशनला नाही. ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ या काळात ज्याने व्हिएतनामच्या भूमीवर सेवा केली, त्याचा एजंट ऑरेंज या रसायनाशी संपर्क आला असंच व्हीए धरून चालते. टाइप २ डायबिटीस, पार्किन्सन्स, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार हे त्या रसायनामुळे झाले असं व्हीए ज्या यादीनुसार मानते, तिच्यात आहेत. २०२२ च्या पॅक्ट कायद्याने उच्च रक्तदाबही त्यात आला. आजार सेवेमुळेच झाला हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. आणि सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची टक्केवारी सत्तर किंवा जास्त ठरली आणि नर्सिंग होमची वैद्यकीय गरज असली, तर तो खर्च व्हीएला उचलावा लागतो. मामांना एक डॉलरही इकडचा तिकडे करायची गरज नव्हती. पण या अर्जात अ‍ॅन्युइटी विकता येत नाही आणि कमिशन सुटत नाही.

बाईंनी त्याच दिवशी ‘इंटेंट टू फाइल’चा, म्हणजे अर्ज करणार असल्याचं आधीच कळवण्याचा, फॉर्म भरून घेतला. त्यामुळे पुढचे कागद जमवायला वर्षभराची मुदत मिळते आणि मंजूर झाल्यावर पैसे सहसा त्या तारखेपासून धरले जातात. काही महिन्यांनी निर्णय आला, टक्केवारी सत्तरच्या वर गेली आणि व्हीएशी करार असलेल्या नर्सिंग होममध्ये मामांची सोय झाली. आधीच्या महिन्यांची बिलं मात्र आमची आम्हीच भरली. सल्ला शुल्क गेलं ते गेलंच. अ‍ॅन्युइटीबद्दल राज्याच्या विमा विभागाकडे तक्रार केली आहे, विक्री करताना वय आणि आजार लपवले म्हणून. ती अजून चालू आहे.

तुमच्याकडे कुणी असा सल्लागार आला तर आधी त्याचं नाव व्हीएच्या मान्यताप्राप्त प्रतिनिधींच्या यादीत शोधा, ती व्हीएच्या वेबसाइटवर आहे. यादीत नाव असलं तरी पहिल्या अर्जासाठी पैसे मागितले की तिथेच थांबवा. अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू, डीएव्ही या माजी सैनिकांच्या संघटनांचे प्रतिनिधी हे काम फुकट करतात. आधीच फसला असाल तर सरकारच्या व्हीसेफ या हेल्पलाइनला १-८३३-३८८-७२३३ वर कळवा आणि व्हीएचं दंडाचं पत्र आलेलं असेल तर साठ दिवस मोजायला लागा. काउंटीच्या ऑफिसात जाताना डीडी-२१४, म्हणजे सैन्यातून सुटल्याचं प्रमाणपत्र, सोबत हवंच. त्याबरोबर सगळ्या आजारांची यादीही न्या, कारण आमच्या बाबतीत सगळी वाट आजारांच्या त्या एका ओळीनेच मोकळी झाली.