धम्मगिरी, इगतपुरी: विसाव्यासाठी विपश्यनेला निघाला असाल तर

धम्मगिरी हे विपश्यना या ध्यानपद्धतीचं केंद्र. इथल्या शिबिरात दहा दिवस मोबाईल नाही, बोलणं नाही, आयतं जेवण, म्हणजे मस्त आराम होईल, या हिशेबाने फॉर्म भरणारे पुष्कळ असतात. त्यांनी आधी वेळापत्रक बघावं. पहाटे ४ ला घंटा, साडेचारला साधना सुरू, रात्री साडेनऊला दिवे बंद. मधे जवळपास दहा तास बसणं. विसावा इथे मिळतो, पण तो अंग टाकून पडण्याचा नव्हे. स्वतःशी चाललेली झटापट थांबली की जो मिळतो, तो.

पहिले साडेतीन दिवस आनापान. नाकपुड्या आणि वरचा ओठ, एवढ्याच जागेवर येता-जाता श्वास बघायचा. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, मोजायचा नाही, सोबत जपही नाही. सवय असलेल्यांकडून इथेच चूक होते: ते प्राणायाम करू लागतात आणि डोकं जड होतं. दुसऱ्या दिवशी बॅग भरावीशी वाटते, सहाव्या दिवशी पुन्हा. दोन्ही वेळा दुपारी १२ ते १ मध्ये सहाय्यक आचार्यांना भेटा. त्यासाठी नाव आधी धम्मसेवकाकडे, म्हणजे शिबिरात सेवा देणाऱ्या स्वयंसेवकाकडे, नोंदवावं लागतं.

चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते. डोक्यापासून पायापर्यंत एकेक भाग तपासत जायचं. जिथे काहीच जाणवत नाही तिथे मिनिटभर थांबून पुढे सरकायचं. मग अधिष्ठान सुरू होतं: रोज तीनदा, तासभर हात-पाय न हलवता, डोळे न उघडता. चाळिसाव्या मिनिटाला गुडघा पेटतो. तेव्हा आधी जबडा आणि खांदे बघा, ते हमखास आवळलेले असतात. दुखण्याला विरोध करताना आपणच त्यात भर घालतो. ते सैल सोडून गुडघ्याकडे नीट पाहिलं तर ‘दुखतंय’ या एका शब्दात उष्णता, ठणका, ओढ असं बरंच काही सापडतं आणि त्यांची जागा सरकतानाही कळते. अनित्य, म्हणजे सतत बदलणारं, हा शब्द प्रवचनात शंभरदा ऐकून जे कळत नाही, ते इथे कळतं. अगदीच असह्य झालं तर पाय सोडा, पुढच्या बैठकीला पुन्हा प्रयत्न करा. सोसण्याची स्पर्धा लावणारे समतेपासून, म्हणजे सुखदुःखात मन स्थिर ठेवण्यापासून, लांबच राहतात.

याहून अवघड सापळा पुढे येतो. अंगभर सुखद धारा वाहू लागते आणि दुसऱ्या दिवशी ती नसली की ‘माझी साधना बिघडली’ म्हणून माणूस खचतो. बिघडलेलं काही नसतं. आज जे आहे ते आहे तसं मान्य करणं, एवढंच काम आहे. मुक्ती हा मोठा शब्द या पद्धतीत इतका जवळ आणून ठेवलाय, हे तिचं खरं मोल.

ही पद्धत शिकवणारे सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये म्यानमारहून भारतात आले आणि १९७६ पासून इथे शिबिरं भरतात. शिकवणं अजूनही त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात चालतं. पाली पठण लांबतं; अर्थ कळत नसेल तर कंटाळा येऊ शकतो. शुल्क काहीच नाही. दान शिबिर पूर्ण केल्यावरच घेतात, त्यामुळे कुणी काही विकतंय असं कुठेही वाटत नाही.

जेवण ११ ला, साधं शाकाहारी. पोटभर खाल्लंत तर दुपारची बैठक झोपेत जाईल. तीन चतुर्थांशावर थांबा. संध्याकाळी ५ ला नव्यांना चहा आणि हलकं खाणं, आधी शिबिर केलेल्या जुन्यांना लिंबूपाणी. उशांचा डोंगर रचू नका, कंबर पुढे झुकते. पाठीचा त्रास असेल तर खुर्ची मागून घ्या, त्यात कमीपणा नाही. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, जास्तीचे न्या. छत्री आणि गजराचं घड्याळही.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर फॉर्ममध्ये लपवू नका आणि शिबिरासाठी ती परस्पर बंदही करू नका. हे उपचार केंद्र नाही.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्रीनंतर, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणाऱ्या साधनेनंतर, मौन सुटतं आणि एकदम सगळे बोलू लागतात. डोकं दुखेस्तोवर बोलू नका. अकराव्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास मोकळे होता. त्या दिवशी ऑफिस ठेवू नका.