बंगळुरूत नवीन आहात? घरच्यांना दर्शिनीत न्यायचं की नावाजलेल्या जुन्या हॉटेलात

बंगळुरूला बदली झाली की पहिल्या तीन महिन्यांत पाहुणे येणार हे धरूनच चालायचं. आधी आईबाबा घर बघायला, मग ताई-भावजी मुलांच्या सुट्टीत, मग कॉलेजचा ग्रुप लाँग वीकेंडला. आणि गाडीतून उतरल्या उतरल्या सगळ्यांचा प्रश्न एकच, डोसा कुठे खायचा? आम्ही पुण्याहून इथे येऊन आता तीन वर्षं होतील, या तीन वर्षांत हा प्रश्न मी इतक्या वेळा सोडवलाय की ऑफिसात नवीन मराठी पोरं आली की मलाच विचारतात. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून टाकू.

पर्याय तसे दोनच. एक म्हणजे बसून खायची जुनी नावाजलेली हॉटेलं, ज्यांचे व्हिडिओ सगळ्यांनी आधीच बघितलेले असतात. दुसरा म्हणजे दर्शिनी, म्हणजे काउंटरवर पैसे भरा, टोकन घ्या, खिडकीतून प्लेट उचला आणि उभ्याने खा. मॉलमधली हॉटेलं मी धरतच नाही, ती पुण्यातही आहेत.

आधी जुन्यांबद्दल, कारण त्यांच्याबद्दल मला खरंच आदर आहे. लालबाग रोडचं एमटीआर 1924 पासूनचं. रवा इडली त्यांनी दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा काढली असं ते सांगतात, आणि ती तिथे बसून खाताना, वरून तूप सोडून, ही गोष्ट आईला सांगितली तेव्हा तिने दुसरी प्लेट मागवली, कारण आमच्याकडे रवा इडली म्हणजे ऐनवेळी करायचा पदार्थ, तिला एवढा इतिहास असेल असं तिला वाटलंच नव्हतं. गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन 1943 चं. तिथला वेटर एका हातावर डोशांच्या प्लेटा एकावर एक रचून पार कोपराच्याही वरपर्यंत घेऊन येतो, माझी मुलगी समोरचा डोसा सोडून त्याच्याकडेच बघत बसली होती. मल्लेश्वरमला सीटीआर, त्यांचा बेण्णे मसाला, बेण्णे म्हणजे लोणी. बाहेरून गडद तपकिरी, करकरीत, आत एकदम मऊ. हे सगळं एकदा तरी बघावं, खावं, यात वादच नाही. फक्त वार बघून जा, विद्यार्थी भवन शुक्रवारी बंद असतं आणि एमटीआर सोमवारी, आणि नेमक्या त्याच दिवशी पाहुणे घेऊन दारात उभे असलेले लोक मी बघितलेत.

आता माझं मत जिथे फिरलं ते सांगतो. एका जुन्या हॉटेलात झालं हे, नाव घेत नाही कारण चूक कुणाचीच नव्हती, जागा तेवढीच आणि माणसं तिप्पट. रविवार सकाळ, आम्ही सहा जण, आईबाबा, आम्ही दोघं, दोन मुलं. पावणेनऊला नाव लिहिलं. फुटपाथवर ऊन यायला लागलं, धाकट्याला भूक लागली, त्याला शेजारच्या दुकानातून बिस्किटाचा पुडा घेऊन दिला. एक तास वीस मिनिटांनी आमचं नाव पुकारलं आणि आत गेल्यावर कळलं की सहा जणांचं एक टेबल असं काही नसतंच, जिथे खुर्ची रिकामी होईल तिथे बसायचं. आई आणि मुलगी एका टेबलावर, मी, बायको आणि धाकटा दुसऱ्या, आणि बाबा पार भिंतीकडच्या टेबलावर तीन अनोळखी लोकांच्यात एकटे.

बाबांचा डोसा आधी आला. मी लांबून बघत होतो, त्यांनी एकदा मान वळवून आमच्याकडे बघितलं, आमचं आलेलं नाही बघून जरा थांबले, मग खायला लागले. आमचे डोसे टेबलावर आले तोवर त्यांचं खाऊन झालं होतं आणि त्यांच्या खुर्चीच्या पाठीला धरून पुढचा माणूस उभा होता. अशा वेळी बाबा बसून राहतील असा त्यांचा स्वभाव नाही. उठले, हात धुतले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. आमचं आटपेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं ते त्या फुटपाथवर होते. परत येताना रिक्षात आई त्यांना विचारते, "तुम्ही काय मागवलंत हो?" आणि ते म्हणाले, "मसाला डोसा. छान होता."

डोसा छानच होता, मीही खाल्ला ना. पण साडेआठशे किलोमीटरवरून आलेल्या माणसाला आपण सोबत म्हणून घेऊन गेलो आणि त्याने एकट्याने खाल्लं, हे माझ्या डोक्यातून गेलं नाही. घरचे घेऊन बाहेर खायला जायचं ते कशासाठी? तुझ्यातला एक घास मला दे, ही चटणी बघ किती हिरवी आहे, हे आपल्याकडे असं नसतं, यासाठीच ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला म्हणून मी आणि बाबा खाली उतरलो आणि कोपऱ्यावरच्या दर्शिनीत शिरलो, ठरवून वगैरे नाही. पाच मिनिटांनी फोन करून बाकीच्यांनाही बोलावलं. छातीच्या उंचीचं गोल टेबल, त्याच्याभोवती सहाही जण, धाकटा बायकोच्या कडेवर. मधे दोन प्लेट इडली-वडा, एक मसाला, एक चौ चौ बाथ. चौ चौ बाथ म्हणजे एकाच प्लेटमध्ये खारा बाथ आणि केसरी बाथ, आपल्या भाषेत उपमा आणि शिरा, पण खारा बाथमध्ये वांगी भाताचा मसाला पडतो त्यामुळे तो आपल्या उपम्याच्या जवळचा वाटला तरी चव वेगळीच. आईने पहिला घास घेतला आणि सरळ काउंटरच्या पलीकडे बघायला लागली, कारण दर्शिनीत स्वयंपाकघर समोर उघडंच असतं. तवा केवढा आहे, पाणी मारून झाडू कसा फिरवतात, पीठ पळीने कसं पसरतात, सगळं तिने उभ्या उभ्या बघितलं आणि बाबांना सांगितलं. बाबांनीही तिच्या प्लेटमधला वडा उचलला. बिल सहा जणांचं मिळून जेवढं झालं तेवढ्यात पुण्यात आम्हा दोघांचं झालं असतं.

ही पद्धत फार जुनीही नाही. 1983 ला जयनगरमध्ये कॅफे दर्शिनी निघालं, तिथून ही उभ्याने खायची हॉटेलं शहरभर पसरली. खुर्च्या नाहीत, वेटर नाहीत, त्यामुळे भाडं आणि पगार वाचतो आणि तो पैसा खाण्यात दिसतो. आणि मुख्य म्हणजे माल पडून राहत नाही. इडलीचा घाणा उतरतो तो दहा मिनिटांत संपतो. म्हणून इडली, वडा, खारा बाथ याबाबतीत मला तरी दर्शिनी सरस वाटते. डोशात मात्र जुनी हॉटेलं किंचित पुढे, हे मान्य करतो, पण फरक एकोणीस-वीसचा आहे, एक तास वीस मिनिटांचा नाही.

अजून एक गोष्ट मला नंतर लक्षात आली. एवढा वेळ थांबून टेबल मिळालं की माणूस वसूल करायला बघतो. डोसा झाला, आता पुरी-सागू, म्हणजे पुरी आणि भाज्यांचा रस्सा, पण मागवू, परत कधी येणार, मग वडा, मग खाली डोसा, म्हणजे आत भाजी नसलेला. बाहेर पडेपर्यंत पोट गच्च आणि दुपारचं जेवण बाद. दर्शिनीत तसं होत नाही, एक प्लेट घेतली, आवडली तर अजून एक टोकन, नाही तर चला पुढे. कॉलेजचा ग्रुप आला होता तेव्हा आम्ही मल्लेश्वरमला मार्गोसा रोडवर पायीच फिरलो. पंधराव्या क्रॉसला, म्हणजे आडव्या रस्त्याला, वीणा स्टोअर्समध्ये इडली, तिथून चालत खाली येत एका दर्शिनीत खारा बाथ, तिसरीकडे कॉफी, मधे फुलवाल्यांच्या आणि भाजीवाल्यांच्या गाड्या, आठव्या क्रॉसच्या बाजारात एकाने बायकोसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. पाच जण, तीन ठिकाणं, दोन तास, आणि सगळ्या वेळ गप्पा चालू. तीच माणसं एका हॉटेलाबाहेर दोन तास उभी राहिली असती तर प्रत्येक जण आपापल्या फोनमध्ये असता.

तसंच बसवनगुडीच्या बाजूला शंकरपुरममध्ये ब्राह्मिन्स कॉफी बार आहे, 1965 चं. नावं घेऊ तेवढेच चार पदार्थ, इडली, वडा, खारा बाथ, केसरी बाथ. सांबार नाहीच, फक्त चटणी, आणि ती हवी तेवढी वाढतात. माझ्या भावजींना सांबाराशिवाय इडली ही कल्पनाच पटत नव्हती, त्यांनी चटणी तीनदा घेतली.

आता दर्शिनीच्या अडचणी. उभं राहणं ही सगळ्यात मोठी. आईचा गुडघा दुखतो, दहा मिनिटांच्या वर ती उभी राहू शकत नाही. आम्ही शोधून काढलं की बऱ्याच दर्शिन्यांच्या बाहेर कट्टा असतो नाहीतर बाजूला चार प्लास्टिकच्या खुर्च्या टाकलेल्या असतात, आणि सकाळी साडेसातला गेलात तर त्या रिकाम्या मिळतात. आईला तिथे बसवतो, आम्ही तिच्याभोवती प्लेटा हातात घेऊन उभे. नऊनंतर मात्र ऑफिसची गर्दी, तेव्हा वयस्कर माणसाला नेऊ नका. खूप लहान बाळ असेल तरी जरा विचार करा, एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात गरम सांबार हे मला बघवत नाही, अशा वेळी बसायच्या हॉटेलात आठवड्यातल्या मधल्या वारी गेलेलं बरं. बॅगा ठेवायला जागा नसते. आणि तासभर निवांत बसून बोलायचं असेल तर दर्शिनी ती जागा नव्हे, मागचा माणूस प्लेट घेऊन जागा शोधत असतो.

नवीन माणसाला काउंटरवर पहिल्यांदा गोंधळायला होतं हेही खरं. इडली घेतली की विचारतात डिप की सेपरेट, म्हणजे इडली सांबारात बुडवून हवी की सांबार वेगळं. आपल्या लोकांनी सेपरेट सांगावं, इथलं सांबार गुळामुळे गोडसर असतं, सगळ्यांनाच बुडवलेली आवडते असं नाही. कॉफी बाय-टू मागितली तर एकाच कॉफीचे दोन भाग करून देतात, त्यात कुणाला काही कमीपणा वाटत नाही, उलट तीच इथली रीत. आणि चांगली दर्शिनी कुठली हे ॲपवर शोधू नका, तिथे सगळ्यांना सव्वाचार स्टार आहेत. सोसायटीच्या वॉचमनला नाहीतर इस्त्रीवाल्याला विचारा, "इल्ली ओळ्ळे तिंडी एल्ली सिगुत्ते?" इथे चांगला नाश्ता कुठे मिळतो, एवढंच. आमच्या कोपऱ्यावरची मला इस्त्रीवाल्यानेच सांगितली होती.

हे सगळं शाकाहारी नाश्त्याचं झालं. नॉनव्हेज खाणारे पाहुणे असतील तर हा प्रश्न उरतच नाही, सरळ मिलिटरी हॉटेल, म्हणजे इथली नॉनव्हेजची जुन्या पद्धतीची हॉटेलं. जयनगरचं शिवाजी मिलिटरी हॉटेल नावावरूनच कळेल, शहाजीराजांची जहागीर इथे होती तेव्हापासून मराठे या शहरात आहेत आणि मिलिटरी हॉटेलांच्या धंद्यात मराठा घरं आधीपासून आहेत. दोन्ने बिर्याणी मागवा. दोन्ने म्हणजे आपला द्रोण, पानाचा, बाबांना हे कळल्यावर ते रिकामा द्रोण उलटसुलट करून बघत होते. टेबलावर बसूनच खायचं असतं पण लोक पटापट उठतात, साडेबाराच्या आत पोचलात तर सगळे एकत्र बसाल. नाचणीचं मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, घेतलंत तर त्याचा घास चावत बसायचा नाही, रश्श्यात बुडवून गिळायचा.

तर ज्यांच्याकडे पाहुणे चार-पाच दिवस आहेत त्यांनी जुनं हॉटेल एक जरूर करावं, पण मंगळवार-बुधवारी, सकाळी सातच्या सुमारास, आणि शक्यतो दोघं-तिघंच. रविवार सगळ्यांचा असतो, तो दर्शिनीला द्या. आईबाबा आता परत येणार आहेत ते संक्रांतीला, अवरेकाईचा सीझन असतो तेव्हा, म्हणजे आपल्या पावट्याचा, त्या दिवसांत दर्शिन्यांमध्ये अवरेकाई घातलेला उपमा मिळतो. बाबांनी फोनवर विचारलंय, कोपऱ्यावरचं ते गोल टेबल अजून आहे ना म्हणून.