अटलांटिक जायंट भोपळा: एका पूर्ण हंगामानंतर

एप्रिलअखेर बी भिजवलं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भोपळा काट्यावर चढला. वजन भरलं १४२ किलो. इकडे कॅनडातल्या ओंटारियोत दर वसंतात बागकामाच्या दुकानांत अटलांटिक जायंटची पाकिटं लागतात. फोटो बघून माणूस पाकीट उचलतो, पण या वेलाला खरंच काय काय लागतं ते पाकिटावर फारसं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. बियाणं उत्तम आहे. जागा आणि पाणी देता येणार असेल तर बिनधास्त घ्या. या दोन्हींपैकी एकाचीही ओढाताण असेल तर साधा भोपळा लावा, त्यातही आनंद आहे.

ही जात कॅनडाच्याच नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या विंडसरच्या हॉवर्ड डिल यांची. वर्षानुवर्षं निवड करत त्यांनी ती घडवली आणि १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षं सर्वांत मोठ्या भोपळ्याचा मान मिळवला. त्याआधीचा मोठा विक्रम आमच्या ओंटारियोतल्याच गोडरिचच्या विल्यम वॉर्नॉक यांचा. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांचा भोपळा ४०३ पौंड, म्हणजे सुमारे १८३ किलो भरला, आणि तो आकडा १९७६ पर्यंत कुणी ओलांडला नव्हता. आज स्पर्धेत उतरणारे जवळपास सगळे भोपळे डिल यांच्या बियाण्याच्या वंशातले असतात. २०२५ मध्ये इंग्लंडच्या इयान आणि स्टुअर्ट पेटन या जुळ्या भावांनी १,२७८.८ किलोंचा पिकवला. परसात लावणाऱ्याने मात्र वॉर्नॉक यांचा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा. तो गाठण्यासारखा आहे, आणि माझं पुढचं लक्ष्य तेच आहे.

बी अंगठ्याच्या नखाहून मोठं आणि टरफल जाड. टोक सोडून कडा नखं घासायच्या कानशीने हलक्या घासल्या, काही तास कोमट पाण्यात ठेवलं आणि कुंडीखाली रोपांची गरम चटई लावली. माती २८-३० अंशांवर राहिली की चार-पाच दिवसांत कोंब वर येतो. इकडे व्हिक्टोरिया डेच्या सुमारास, म्हणजे मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, रोप बाहेर काढायची पद्धत आहे. मी तेव्हाच लावलं आणि वर प्लास्टिकची छोटी कमान घातली. रात्री अजून चांगल्याच गार असतात.

जागेचं सांगते. एका वेलाला मी साधारण ४० चौरस मीटर दिले. स्पर्धेतले लोक याच्या दुप्पट देतात. पाकिटावर दोन रोपांमध्ये दोन मीटर अंतर लिहिलं होतं, ते सरळ विसरा. वाफ्यात आदल्या शरदातच कुजलेलं शेणखत आणि पानांचं कंपोस्ट मिसळून ठेवलं होतं.

खरा खेळ जूनमध्ये असतो, आणि मला सगळ्यांत जास्त सांगायचंय ते हेच. भोपळ्याचं वजन ठरतं ते फळ धरायच्या आधी. मुख्य वेल सरळ पुढे जाऊ द्यायचा, त्याला दोन्ही बाजूंनी फुटणाऱ्या वेली काटकोनात आडव्या पसरवायच्या आणि त्यांच्यावर पुन्हा येणारी फूट खुडून टाकायची. प्रत्येक पेरापाशी वेल मातीने झाकला की तिथून नवीन मुळं जमिनीत उतरतात. भर जूनमध्ये मुख्य वेल दिवसाला फूटभर सरकतो, त्यामुळे हे काम रोजचं आहे, आठवड्याचं साचवून चालत नाही. सासरे त्या उन्हाळ्यात फलटणहून आले होते, आयुष्यभर ऊस केलेला माणूस. मी सारखी कळ्या शोधत फिरायची. एकदा म्हणाले, "अगं, फळाकडे काय बघतेस, पानं बघ. पानंच घालणार आहेत त्याला जेवायला." "नाना, पण फूल निसटलं तर?" तर म्हणाले, "दुसरं येईल. मूळ दुसरं येत नाही." पेरं झाकायचं काम मग त्यांनी स्वतःकडेच घेतलं. रोज सकाळी खुरपं घेऊन वेलाच्या शेवटच्या टोकापर्यंत जायचे.

परागीभवन हाताने केलं. मादी कळीच्या खाली लिंबाएवढा पिवळा भोपळा आधीच असतो, त्यामुळे ओळखायला अडचण नाही. उद्या उमलणार असं वाटलं की संध्याकाळीच तिच्यावर जाळीची पिशवी बांधायची, शेजारच्या दोन-तीन नर कळ्यांवरही. सकाळी सहाच्या सुमारास फूल उघडतं. नर फुलाच्या पाकळ्या सोलून काढल्या की मधला दांडा उरतो, त्यावरचे परागकण बोटाला पिवळे लागतात. तो मादी फुलातल्या प्रत्येक फुगीर पाळीवर हलक्या हाताने फिरवायचा. पाळ्या बहुधा चार किंवा पाच असतात. माझ्या फुलात पाच होत्या. पिशवी पुन्हा बांधून टाकली. ऊन चढलं की परागकणांचा जोर ओसरतो, म्हणून उशीर नको. मुख्य वेलावर मुळापासून साडेतीन मीटरवरचं हे फळ जुलैच्या पहिल्या आठवड्यात धरलं. ते फुगतंय याची खात्री झाल्यावर बाकी सगळी काढली. सोपं वाटतं, पण नारळाएवढं तजेलदार फळ कापताना हात अडखळतो. तरी कापा. दोन ठेवलीत तर एकही मोठं होत नाही.

देठ आणि वेल यांच्यातला कोन लवकर मोकळा करा. फळ फुगलं की त्याचा खांदा वेलाला रेटतो आणि देठ चिरतो. मी वेल रोज थोडा थोडा सरकवून फळापासून वळवला आणि फळाजवळच्या पेरांची मुळं सोडवली. खाली वाळूचा थर, वर जुनी पांढरी चादर. उन्हाने साल लवकर कडक होते आणि मग आतली वाढ तिला फाडते.

ऑगस्टमध्ये भोपळा दिवसाला चार-पाच किलो चढत होता. जागतिक दर्जाचे तर वीस किलोंच्या वर जातात. वजन न करता अंदाज घेण्यासाठी टेपने तीन मापं घेतात: घेर, आडवं डोक्यावरून आणि देठापासून टोकापर्यंत डोक्यावरून. त्यांची बेरीज तक्त्यात पाहिली की वजन कळतं. माझ्या बाबतीत तक्ता आणि काटा यांत फार फरक पडला नाही. पाणी ठिबकने, या काळात दिवसाला दोनशे लिटरच्या आसपास, आणि रोज सारखंच. दोन दिवस कोरडं ठेवून मग भरपूर दिलं की भोपळा तडकतो. चीर आतल्या पोकळीपर्यंत गेली तर स्पर्धेतून बाद. पाण्याचं बिल वाढतं, ते धरून चला.

कीड सांगायची तर सुरुवातीला पट्टेरी भुंगेरे, त्यांच्यासाठी रोपावर जाळी पुरली. बुंध्यात शिरून वेल पोखरणारी अळी जास्त धोक्याची, म्हणून बुंधा फडक्याने गुंडाळून ठेवला. ऑगस्टअखेर भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, आली. पोटॅशियम बायकार्बोनेट फवारून ती आटोक्यात राहिली.

उचलायला ताडपत्री आणि सहा जण लागले.

चवीबद्दल खरं सांगायचं तर हा खाण्याचा भोपळा नाही. गर पाणचट आणि दोरदार. आम्ही घारगे केले, पण कीस बराच वेळ आटवावा लागला आणि गोडी जवळजवळ सगळी गुळाचीच. घारग्यांसाठी बटरनट स्क्वॉश कितीतरी बरा.

बिया मात्र भरपूर आणि टपोऱ्या निघाल्या. त्याच वेलाच्या नर फुलाने फळ धरलं असल्यामुळे वंश शुद्ध आहे. धुऊन, वाळवून कागदी पाकिटांत ठेवल्या आहेत. ओंटारियोत कुणाला हव्या असतील तर सांगा, पाठवीन. वाफ्यात आत्ता राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य) पेरली आहे, वसंतात ती मातीत गाडायची. पुढच्या वर्षी नामांकित वंशाचं बी मागवणार आहे. त्या बियांना वजन, पिकवणाऱ्याचं आडनाव आणि वर्ष मिळून नाव असतं, आणि किंमतही तशीच असते. घरचं एक बी त्याच्या शेजारी लावीन, म्हणजे एकाच मातीत दोघांतला फरक कळेल.