जुन्या दगडी सभागृहातली मैफल: ध्वनिशोषक गिलावा की सुटे पॅनेल?

उंच छत, दगडी भिंती, खाली शहाबादी फरशी. अशा सभागृहात विलंबित ख्याल निभावून जातो, पण द्रुत ताना सुरू झाल्या की सूर एकमेकांत कालवले जातात. हा घुमारा कमी करायचा तर छताला सच्छिद्र ध्वनिशोषक गिलावा करा, नाहीतर भिंतींवर सुटे पॅनेल टांगा. चुन्याचा साधा गिलावा आवाज शोषतो हा समज मात्र आधी सोडावा. त्याचा शोषणांक, म्हणजे पडलेल्या आवाजाचा किती हिस्सा तो गिळतो (0 ते 1), जेमतेम 0.05 भरतो.

20 × 10 × 8 मीटरचं सभागृह धरा, म्हणजे 1600 घनमीटर. रिकामं असताना ते 3 सेकंद घुमत असेल, तर ध्वनिशास्त्रज्ञ सॅबिनच्या सूत्राने (0.161 × घनफळ ÷ सेकंद) आत सुमारे 86 चौ.मी. शोषण आहे, म्हणजे सगळा आवाज गिळणाऱ्या 86 चौ.मी. पृष्ठभागाइतकं. वेळ निम्म्यावर आणायला तेवढंच आणखी लागेल. 25 मिमी गिलाव्याचा शोषणांक 0.6 धरला तर 143 चौ.मी. छत व्यापावं लागेल. 50 मिमी रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या तंतूंचे) पॅनेल 0.85 ने धरले तर 101 चौ.मी. पुरतील.

दिसण्यात गिलावा सरस आहे, यात वाद नाही. कमानीच्या वळणाबरोबर तो वळतो, कोरीव काम झाकत नाही, आणि काही केलंय हे प्रेक्षकाला कळतही नाही. पॅनेल कितीही नेटके बसवले तरी दिसतातच.

पण गिलाव्याचं सगळं काम त्याच्या उघड्या छिद्रांवर चालतं, आणि ती बुजवायला जो तो टपलेला असतो. घोटाईत हात मुरलेला गवंडी सवयीने थापी जास्त फिरवतो आणि पृष्ठभाग बंद करून टाकतो. त्यातून वाचलं तर काही वर्षांनी वर्धापनदिन येतो, विश्वस्त रंगकाम काढतात, आणि रंगारी रोलरने प्लॅस्टिक पेंटचे दोन हात मारतो. रंग सुंदर बसतो. शोषण बहुतेक संपतं. रंग खरवडायला जावं तर गिलावाच सुटून येतो. करारात कलम घाला, छताखाली पाटी लावा. पुढच्या समितीला त्यातलं काही ठाऊक नसतं. मला तरी यावर भरवशाचा उपाय दिसलेला नाही, आणि माझं पारडं पॅनेलकडे झुकलं ते इथेच.

दुसरी गोष्ट श्रोत्यांची. 150 माणसं, प्रत्येकी 0.45 धरली, तर 67 चौ.मी. शोषण स्वतःबरोबर आणतात. गिलावा केलेलं सभागृह भरलं की 1.1 सेकंदांवर येतं. ध्वनिक्षेपकाशिवाय गाणाऱ्याला हे कोरडं वाटू शकतं. पॅनेल असतील तर निम्मे उतरवायचे, की 1.3 वर काम भागतं.

पॅनेलमध्ये 48 ते 64 किलो/घ.मी. घनतेचं रॉकवूल घ्यावं. फोम नको, तो पेटतो. वर कापड असं हवं की तोंड लावून फुंकलं तर हवा पार जाईल. पातळ खादी चालते. भिंतीपासून 50 मिमी अंतर ठेवलं की खालच्या सुरांचं शोषण सुधारतं आणि दगडालाही हवा लागते. दगडाला भोक पाडू नये. पाडायचंच तर चुन्याच्या सांध्यात, स्टेनलेस स्टीलचा खिळा. कोकणपट्टीत ओल येणाऱ्या भिंतीवरचे पॅनेल पावसाळ्यापूर्वी उतरवून ठेवावेत, नाहीतर कापडाला बुरशी धरते.

डग्ग्याच्या घुमाऱ्यावर दोन्ही उपाय लंगडेच. 100 हर्ट्झची तरंगलांबी 3.4 मीटर आहे. पाच-दहा सेंटिमीटर जाडी तिला काय करणार? साथसंगत कोपऱ्यापासून दूर बसवणं हाच त्यातल्या त्यात स्वस्त इलाज.

अंतर्गोल छतामुळे आवाज एकाच जागी एकवटत असेल, तर मात्र गिलाव्याला पर्याय नाही. भिंतीवरच्या पॅनेलनी तो दोष सुधारत नाही. (विजापूरचा गोल घुमट वेगळा. तिथला प्रतिध्वनी हाच ठेवा आहे.)

खर्च करण्याआधी मंडपवाल्याकडून कापसाच्या गाद्या भाड्याने आणा आणि भिंतीपासून थोडं अंतर सोडून उभ्या करा. 1895 मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहाचा घुमारा तपासताना सॅबिननेही शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्याच वापरल्या होत्या. मग गायकाला द्रुत तान घ्यायला लावा आणि शेवटच्या रांगेत बसून ऐका. गाद्यांची संख्या कमी-जास्त करत गेलात की पॅनेल किती लागतील याचा अदमास त्याच संध्याकाळी येतो.